थोरांच्या नावाचे पुरस्कार

वि. वा. शिरवाडकर तथा कुसुमाग्रज यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ रोजी आपल्या पुण्यात झाला. कर्मभूमी मात्र नाशिक ठरली आणि तेथेच १० मार्च १९९९ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाशी जोडलेले दोन पुरस्कार मराठीत प्रतिष्ठेचे मानले जातात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘जनस्थान’ लेखकाच्या समग्र कर्तृत्वासाठी असतो, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाचा ‘विशाखा’ नवोदित कवीच्या पहिल्या संग्रहासाठी. या दोहोंपैकी कवीचा वारसा अधिक जपतो तो कोणता?

‘जनस्थान’ एक वर्षाआड दिला जातो. १९९१ साली त्याचे पहिले मानकरी ठरले विजय तेंडुलकर. ज्यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ साली याच शहरात वादळ उठविले, त्या नाटककारापासून आरंभ करणे हे मोठ्या मनाचे लक्षण होय. पुढे विंदा करंदीकर आले, तसेच कामगारांचे कवी नारायण सुर्वे आणि दलित कथेचे अग्रणी बाबुराव बागूलही आले. ही व्याप्ती कुसुमाग्रजांच्या मनोवृत्तीस साजेशीच आहे.

तथापि यादी बारकाईने वाचली असता एक उणीव जाणवते. १९९५ साली इंदिरा संत यांचा गौरव झाला; त्यानंतर लेखिकेचे नाव पुन्हा आले ते २०१७ साली, विजया राजाध्यक्ष यांचे. मध्ये बावीस वर्षे गेली. गुणवत्ता स्त्री-पुरुष भेद पाहून मोजू नये, हे मान्य. परंतु इतक्या वर्षांत एकही लेखिका पात्र नव्हती, असे मराठीचा कोणता जाणकार म्हणेल? शिवाय समग्र कर्तृत्वाचा सन्मान बहुधा सर्वमान्य झालेल्यांच्याच गळ्यात पडतो. त्यात कृतज्ञता असते, जोखीम नसते.

‘विशाखा’ची गोष्ट वेगळी. ज्या संग्रहाचे नाव या पुरस्काराने घेतले, तो १९४२ साली प्रसिद्ध झाला तो वि. स. खांडेकरांनी पदरमोड केली म्हणून. कवी तेव्हा तिशीचा होता. प्रतिष्ठित कादंबरीकाराने दुसऱ्याच्या कवितेवर स्वतःचा पैसा व स्वतःचे नाव लावले. त्यावेळी ना मानपत्र होते, ना समारंभ. पण माझ्या मते तोच खरा पुरस्कार. म्हणून पहिल्या संग्रहाची दखल घेणारा सन्मान मला वारशाच्या अधिक निकटचा वाटतो.

आपल्या ख्रिस्ती समाजाला हा धडा नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुणाला आपल्या घरात मुलासारखे ठेवून घेतले. तोच आपला बालकवी. टिळकांनी त्याला दिले ते घर, ताटातला घास आणि ऐकून घेणारा कान.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. धर्मग्रामाच्या काव्यस्पर्धेचा परीक्षक म्हणून मी अनेकदा परिचित नावांनाच झुकते माप दिले. एका वर्षी एका विद्यार्थिनीची वही मी चार पाने चाळून परत केली. तिने पुन्हा काही लिहिले की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

थोर कवीच्या नावे पदक देणे सोपे असते. त्याच्यावर कोणीतरी जसा विश्वास टाकला, तसा आज अनोळखी हातावर टाकणे अवघड. आपल्या घरातही अशी एखादी वही असेल. ती उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढीच विनंती.