घोडा कोणी काढला?

चार वर्षांच्या मुलाला घोडा काढायला सांगितला तर तो काय काढतो, हे बालवाडीच्या शिक्षिकांना सांगायला नको. आडवे लांबट पोट, त्याखाली काठ्यांसारखे चार पाय, एका टोकाला डोके आणि त्यात बहुधा माणसाचाच हसरा चेहरा! या वयाचे मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते. घोड्याला चार पाय असतात, म्हणून चारही पाय दिसलेच पाहिजेत.

आता दुसरा घोडा पाहू. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १९६७ साली जन्मलेली नादिया चोमिन ही मुलगी साडेतीन वर्षांची असल्यापासून साध्या बॉलपेनने घोडे काढू लागली. तिचा घोडा अंगावर धावून येतो. त्याचा एक पाय दुसऱ्यामागे दडतो, मागचे अंग लहान होत जाते. एकाच कडेवर तिने चार-पाच रेषा भराभर ओढलेल्या असतात आणि त्यातून मान हलल्याचा भास होतो. चित्राचे मूळ गोष्टीच्या पुस्तकात असे. पण पुस्तक पाहिल्यावर काही दिवसांनी, केवळ आठवणीतून, तोच घोडा ती दुसऱ्या बाजूने वळवून काढी. नादिया स्वमग्न होती आणि त्या वयात जेमतेम काही शब्द बोलत होती. लोर्ना सेल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले आणि ही चित्रे जगापुढे आली.

या चित्रांवर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बऱ्याच लिखाणाविषयी आमची एक तक्रार आहे. हा घोडा कशामुळे निघाला, मेंदूतील कोणत्या उणिवेमुळे निघाला, हे सर्वांनी विचारले. तो कोणी काढला, हे फार थोड्यांनी विचारले.

नादिया शाळेत जाऊ लागली, थोडी बोलू लागली आणि तिची चित्रकला ओसरली. यावरून अनेकांनी असा अर्थ काढला की, भाषा आली म्हणून चित्र गेले. जणू मेंदूत एकालाच जागा होती. पण त्याच सुमारास तिची आईही वारली होती. शिवाय लहानपणी भरभरून चित्रे काढणारी पुष्कळ साधी मुलेदेखील मोठेपणी चित्रे काढत नाहीत. एका निरीक्षणावरून नियम मांडणारा विद्यार्थी आपण प्रयोगशाळेतून परत पाठवतो. येथे मात्र एका मुलीवरून नियम मांडला गेला.

पुढे १९९८ साली निकोलस हम्फ्री यांनी नादियाचे घोडे आणि फ्रान्समधील शोवे गुहेतील तीस हजार वर्षांहून जुनी प्राण्यांची चित्रे शेजारी ठेवली. त्यांचा मुद्दा नेटका होता. असे चित्र काढायला विकसित भाषा लागतेच असे नाही. तेव्हा गुहेतील चित्रांवरून त्या माणसांच्या भाषेविषयी निष्कर्ष काढू नयेत. सावधगिरीची सूचना म्हणून हे मोलाचे आहे. पण येथेही नादिया पुराव्यापुरतीच उरते. तिने घोडाच का निवडला, रेषा पुनःपुन्हा का गिरवली, कोठे थांबायचे हे तिला कसे कळले, हे प्रश्न तसेच राहतात.

दुसरे उदाहरण लंडनच्या स्टीफन विल्टशायरचे. जन्म १९७४. तो बराच उशिरा बोलू लागला, पण इमारती मात्र लहानपणापासून काढत होता. १९८७ साली बीबीसीने त्याला एका कार्यक्रमात दाखवले. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ होता 'शहाणे खुळे'. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८८७ साली, लँग्डन डाऊन या डॉक्टरांनी अशा व्यक्तींना 'विद्वान मूढ' या अर्थाचे नाव दिले होते. शतक उलटले, तरी मथळ्यातून मूढपणा गेला नव्हता!

२००५ साली स्टीफनने हेलिकॉप्टरमधून टोकियो शहर एकदा पाहिले आणि दहा मीटर लांबीच्या कागदावर ते आठवणीतून सात दिवसांत रेखाटले. तेव्हापासून 'मानवी कॅमेरा' ही उपाधी त्याला घट्ट चिकटली आहे. ही उपाधी कौतुकाची वाटते. आम्हाला ती अपुरी वाटते. ऑलिव्हर सॅक्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात एक गमतीची हकीकत दिली आहे. स्टीफनने त्यांचे घर एकदा पाहून काढले. चित्रात घराला नसलेले धुराडे आले आणि समोरची झाडे व कुंपण गायब झाले. कॅमेरा धुराडे बांधत नाही आणि कुंपण काढून टाकत नाही. निवड करतो तो चित्रकार.

आणि 'भाषा आली की चित्र जाते' या नियमाचे काय? स्टीफन बोलायला शिकला, कलाशाळेत शिकला, २००६ साली लंडनमध्ये त्याने स्वतःचे कलादालन उघडले. चित्र कोठेही गेले नाही.

अमेरिकेतील जेसिका पार्क हिचा जन्म १९५८ चा. तिच्या बालपणाविषयी तिच्या आईने, क्लेरा पार्क यांनी, १९६७ साली पुस्तक लिहिले. जेसिका इमारती अगदी काटेकोर काढते, पण रंग स्वतःचे देते. साध्या भिंतीला इंद्रधनुष्यातील छटा येतात आणि वर आकाशात तारे मात्र ज्याच्या त्याच्या जागी असतात. हुबेहूबपणा आणि स्वैर रंग एकाच चित्रात सुखाने नांदतात. यातले काय कॅमेऱ्याला जमेल?

वैज्ञानिक स्पष्टीकरणे निरुपयोगी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. आमचा व्यवसायच तो आहे. स्वमग्न व्यक्तींचे लक्ष समग्र आकृतीपेक्षा तपशिलाकडे अधिक जाते, हे युटा फ्रिथ व इतर संशोधकांनी मांडले आहे. हाताला खिडक्यांच्या रांगा कशा साधतात, हे त्यातून काहीसे कळते. रागाची स्वरलिपी हाती आली म्हणजे मैफल कळली असे मात्र नव्हे.

आपला 'स्वमग्न' हा शब्दही जरा तपासून पाहावा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतः', त्यावरून तो आला. तो रूढ आहे आणि वापरायलाही हरकत नाही. पण टोकियोची खिडकी न् खिडकी पाहणारा माणूस 'स्व'मध्ये मग्न आहे, असे म्हणता येईल काय? तो जगातच मग्न आहे. आपण ज्याकडे पाहतो, त्याकडे तो पाहत नाही, एवढेच.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि अशी मुले आपल्या साध्या वर्गांत बसू लागली आहेत. त्यातले एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर दिवसभर पंखेच काढत असेल. 'आधी बोल, मग कागद मिळेल' असे म्हणून त्याची वही काढून घेण्याचा मोह होईल. त्याला संमेलनात उभे करून 'पाहा चमत्कार' म्हणण्याचाही होईल. आणि शेजारचे दुसरे स्वमग्न मूल काहीच काढत नसेल, तर त्याच्यात कोठे चमत्कार दडला आहे याचा शोध सुरू होईल. बहुसंख्य स्वमग्न मुले नादिया नसतात. त्यांनी तसे असण्याची गरजही नाही.

त्यापेक्षा शेजारी बसून एक साधा प्रश्न विचारावा: हा पंखा कालच्यापेक्षा वेगळा का काढलास? उत्तर शब्दांत येईलच असे नाही. कदाचित ते उद्याच्या पंख्यात असेल. ते वाचायला मात्र आपण पान नीट पाहिलेले असले पाहिजे.

नादिया २०१५ साली वारली. तिने लहानपणी बॉलपेनने काढलेले घोडे अजून धावत आहेत. ते तिने काढले आहेत, तिच्या आजाराने नव्हे.