फॉरवर्ड करणारा कुठे आहे?

सेलूसारख्या तालुक्याच्या गावात मुस्लिम माणसाच्या एकाच मोबाईलवर दोन जगे नांदतात. एक मोहल्ल्याच्या ग्रुपचे, दुसरे शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपचे. तिथे दखनी, इथे मराठी. भाषा बदलते तशी नीतीही बदलावी काय? प्रत्येक संस्कृतीची नीती वेगळी, असे मानणारे विद्वान आहेत. मला हे मत सोयीचे वाटते, खरे वाटत नाही.

बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा कराल, अशी ताकीद कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. ताकीद मोमिनांना आहे. पण ज्याला इजा होऊ नये तो समूह कोणत्या धर्माचा, हे तिथे विचारलेले नाही. सार्वत्रिक नीती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

जून 2014 मध्ये फेसबुकवरील विटंबनेच्या मजकुरावरून पुण्यात हडपसरला नमाजहून परतणाऱ्या एका तरुण अभियंत्याला जमावाने ठार केले. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. या दोन्ही वेळी आपण शहानिशेचा आग्रह धरतो, आणि तो रास्तच आहे.

पण 2012 आठवावे. 2010 च्या तिबेटमधील भूकंपात मेलेल्यांचे, भिक्षूंच्या गराड्यातील छायाचित्र म्यानमारमधील मुस्लिमांच्या कत्तलीचे म्हणून फिरत होते. म्यानमारमधील जुलूम खरा होता, हे छायाचित्र खोटे होते. त्या तापलेल्या दिवसांत, 11 ऑगस्टला, मुंबईच्या आझाद मैदानावरील निषेध सभेला हिंसक वळण लागले आणि दोघांचा जीव गेला. ते छायाचित्र पुढे पाठवताना आपल्यापैकी किती जणांना हुजुरात आठवली?

माझी तक्रार आपल्या साहित्याविषयी आहे. जमावाने घेरलेला माणूस आपल्या कथा-कवितेत येतो. तो यायलाच हवा. पण खोटे चित्र पुढे ढकलणारा आपलाच भाऊ माझ्या वाचनात क्वचितच आला. त्याचे दुःख खरे, हेतूही वाईट नाही, तरी त्याच्या हातून अन्याय घडतो. सेलूच्या मोंढ्यात पोत्यावर बसून, पाठवू की नको म्हणून घुटमळणाऱ्या त्या माणसाची कथा कुणीतरी लिहायला हवी.