सोफ्यावरचं हसू

हौशी नटांना अलीकडे एक नवी खोड लागली आहे. हशाची जागा आली की नट थांबतो, पण कान प्रेक्षकांकडे लावत नाही; त्याची नजर तिपाईवर उभ्या केलेल्या मोबाइलकडे जाते. हशा पिकला की नाही याची त्याला फिकीर नसते, तो टिपला गेला की नाही याची असते. यंदाच्या गणेशोत्सवात उपनगरातल्या एका मंडळाच्या मांडवात हा प्रकार बघत बसलो होतो. रंगमंचाच्या एका अंगाला सोफा मांडला होता आणि त्यावर मंडळाचे अध्यक्ष, निवडणुकीचे एक इच्छुक आणि प्रायोजक सराफांचे चिरंजीव असे तिघे विराजमान झाले होते. प्रत्येक वाक्याला ते मांडीवर थाप मारून हसत. समोरचे लोक आधी सोफ्याकडे बघत आणि मग हसत. सादर होत होती ती ‘स्किट्स’. दुसऱ्या दिवशी त्यांचे तुकडे मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर चढले, खाली बाहेरून आणलेला हशा जोडून. जिवंत माणसं पुढ्यात बसून हसली असताना वर हा उसना हशा कशाला, हे विचारावंसं वाटलं; पण विचारणार कुणाला? सगळे व्ह्यूज मोजण्यात गुंतले होते.

याचा दोष ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’च्या माथी मारणं सोपं आहे. मी तो मारणार नाही. २०१८ पासून तो कार्यक्रम आपलं काम चोख करतो आहे, त्यातले बरेच नट एकांकिकांच्या तालमीतून आलेले आहेत आणि त्यांचं टायमिंग अस्सल आहे. ‘चला हवा येऊ द्या’ने २०१४ पासून तेच केलं. दूरचित्रवाणीला कधीही न भेटलेल्या लाखो घरांना हसवायचं असतं. म्हणून तिला सोफा लागतो, परीक्षक लागतात, हसायचं कधी ते सांगणारं कुणीतरी लागतं. म्हणूनच तिचे विषयही सगळ्यांना चालतील असे असतात: नवराबायको, सासूसून, मामाचं गाव, साडी नेसलेला पुरुष. पण ज्या मंडळाच्या प्रेक्षकांत नटाची आई, त्याचा वाणी आणि त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी बसलेला असतो, त्याने अनोळखी लाखांसाठी बेतलेला हा पोशाख अंगावर का चढवावा?

एकांकिका स्पर्धांतल्या विनोदाबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. पहिली पंचवीस मिनिटं हसवायचं आणि शेवटच्या दहांत कुणाला तरी मारायचं, म्हणजे परीक्षकांना आशय सापडतो. हा हिशेब आता शाळकरी पोरांनाही पाठ झाला आहे. व्यावसायिक रंगभूमीवरचा विनोद तिकिटाच्या दराइतकाच वाढला आहे, खोल गेलेला नाही. स्टँडअप हा एकट्याचा खेळ, तो या लेखाचा विषय नाही.

मला बोलायचं आहे ते ‘वस्त्रहरण’च्या वंशाबद्दल. या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले, मच्छिंद्र कांबळींनी ते लंडनला नेलं, पुलंनी ते डोक्यावर घेतलं, हे सारं सगळ्यांना ठाऊक आहे. सांगितलं जात नाही ते हे, की १९८० साली व्यावसायिक रंगमंचावर आलेल्या या नाटकाचा नायक एक हौशी मंडळ आहे. गंगाराम गवाणकर हे कोकणातून मुंबईत आलेले नोकरदार लेखक. गावातले पुरुष द्रौपदीवस्त्रहरणाचा घाट घालतात तेव्हा काय काय होतं, हे त्यांना कल्पनेतून आणावं लागलं नाही. नाटकातला हशा दुर्योधनाच्या फजितीचा नाही. मुकुटाखालचा माणूस आपल्याला दिसत राहतो, त्याचा आहे. राजदरबाराची पुस्तकी मराठी बोलता बोलता त्याची जीभ घसरते आणि मालवणी बाहेर येते. त्या घसरण्यात त्याचं घर, त्याची भांडणं, तात्या सरपंचाशी असलेलं त्याचं वाकडं, सगळं एकदम उघडं पडतं. एका देहात दोन माणसं, आणि प्रेक्षक दोघांनाही ओळखतो. इंग्रजीतल्या मायकेल फ्रेनच्या ‘नॉइजेस ऑफ’चं फसलेल्या नाटकाचं नाटक म्हणून कौतुक आपल्याकडेही भरपूर होतं. ते १९८२ सालचं. आपलं त्याच्या दोन वर्षं आधीचं, पण आपल्या नाट्यशास्त्राच्या वर्गांत फ्रेनचं नाव आधी निघतं. असो.

ही दोन माणसांची युक्ती गवाणकरांनी दशावतारातून उचलली असं मी धरून चालतो. दशावताराला छापील संहिता नसते. कथानक आधी ठरतं, संवाद देवळासमोर उभं राहिल्यावर सुचतात. आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात, संकासूर येतो, काळ्या वेशात, आणि देवादिकांची कथा बाजूला ठेवून समोरच्या गावकऱ्यांशी बोलायला लागतो. कुणाच्या बागायतीचा वाद, कुणाचा मुंबईहून न आलेला मुलगा, मानपानावरून रुसलेला कुणी. त्या रात्री त्या गावात जे ताजं असेल ते. दुसऱ्या रात्री पुढच्या जत्रेत त्यातला एक शब्दही चालणार नाही, कारण तिथली माणसं वेगळी. ज्याला आज ‘कंटेंट’ म्हणतात तो इथे एका रात्रीत तयार होतो आणि त्याच रात्री संपतो. गोव्यातल्या तियात्रातली कांतारं याहून पुढे जातात: कथेशी काडीचा संबंध नसलेलं गाणं मध्येच सुरू होतं आणि मंत्र्याची सालं निघतात.

झाडीपट्टीकडे तर मुंबई-पुण्याचे समीक्षक वळूनही बघत नाहीत. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मंडईचा हंगाम लागतो, वडशाच्या नाटक कंपन्यांकडे तारखांसाठी रांगा लागतात आणि गावोगाव मांडवात रात्रभर तिकीट लावून नाटक चालतं. इथल्या नाटकात विनोदी पात्राला फार मोठी मागणी असते. कथा रडायला लागली की लोक त्याची वाट बघतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीसाठी, आणि त्यांची ओळख विनोदी नट अशीच आहे. यातला काही विनोद बटबटीत असतो, हे मान्य. पहाटे तीनला थंडीत बसलेल्या माणसाला जागं ठेवणारा विनोद बारीक चिमट्यांचा असू शकत नाही.

मग ऑनलाइन सगळंच वाईट का? टाळेबंदीत तसंच वाटलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबरात अर्धी उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि पुरती सावरायला वर्ष गेलं. त्या काळात झूमवर प्रहसनं बसवण्याची लाट आली, मुंबईत आली तशी न्यू जर्सीत आणि दुबईतही. त्यांतली बहुतेक फसली, आणि त्याची कारणं तांत्रिक होती. झूममध्ये एका वेळी एकाचाच आवाज नीट पोचतो, म्हणजे एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवणं गेलं. फार्सचा अर्धा जीव तिथेच असतो. प्रेक्षक म्यूट. नट वाक्य टाकतो आणि हशासाठी किती थांबायचं ते त्याला कळत नाही. कमी थांबलं तर पुढचं वाक्य वाया जातं, जास्त थांबलं तर इंटरनेट गेल्यासारखं वाटतं. अनुभवी नटांचे चेहरे त्या चौकटींत अगदी दीनवाणे झालेले मी पाहिले.

पण बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरकडे बघा. ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही यूट्यूबवरची मालिका त्या गावात घडते. रामभाऊ, बाळासाहेब, सुभाषराव यांच्या रूपात गावातलेच लोक गावाच्याच भानगडी करतात: बांधाचं भांडण, पोराचं न जमणारं लग्न, पुढारीपणाची हौस. पारावरच्या माणसांना कॅमेऱ्याचं भान नसल्यासारखं बोलता येतं, कारण ती एरवीही तशीच बोलतात. शेवटी उपदेशाचा एक डोस असतोच, तो गिळवत नाही. तेवढा काढून टाकला तर मी या मालिकेला आजच्या हौशी विनोदात पहिल्या रांगेत बसवीन. ती लाखोंनी पाहिली ते कांबळेश्वरने लाखोंचा विचार केला नाही म्हणून. आणि जालना जिल्ह्याने रंगमंचावर हेच २०१२ मध्ये केलं होतं. राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ नंदू माधव यांनी बसवलं ते तिथल्या नटांना घेऊन, आणि त्यांतले कित्येक शेती करणारे. यमाला खाली उतरवून महाराजांच्या नावावर दुकान चालवणाऱ्यांची त्यांनी जी उलटतपासणी घेतली, ती घेण्याची छाती तेव्हाच्या एकाही व्यावसायिक निर्मात्याला झाली नव्हती. यमाची गंमत बघत लोक पोट धरधरून हसले आणि हसता हसता अवघडले.

म्हणजे भांडण रंगमंच आणि पडदा यांच्यात नाहीच. नवराबायकोच्या स्किटमागे आळस नाही, भीती आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी एक प्रहसन केलं. विषय होता रामलीलेतल्या नटांची पडद्यामागची वागणूक. प्रयोग उधळला गेला, धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. आता तो विषय पुन्हा वाचा. पौराणिक वेशातला नट आणि त्याच्या आतला साधा माणूस. हे ‘वस्त्रहरण’ आहे. हा दशावतार आहे. ज्या युक्तीवर मराठी माणूस चार दशकं हसला, तीच युक्ती विद्यार्थ्यांनी रामलीलेला लावली तर पोलीस ठाण्यात जावं लागतं. सादरीकरण कच्चं होतं, कडवट होतं असं कुणी म्हणेल; विद्यार्थ्यांचे प्रयोग कच्चेच असतात, त्यासाठीच विद्यापीठं असतात. आमच्या नाट्यसृष्टीतल्या थोरांनी तेव्हा काय केलं? काहींनी तोंड उघडलं. बऱ्याच जणांनी ‘कलावंतानेही भान ठेवावं’ हे सुरक्षित वाक्य उच्चारलं आणि पुढच्या प्रयोगाला निघून गेले.

मंडळांचे कार्यकर्ते खाजगीत सांगतात की पूर्वी मांडवातली गोष्ट मांडवात राहायची. सरपंचाची टोपी उडवली तर सरपंच दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चार शिव्या घालायचा आणि विषय मिटायचा, कारण टोपी उडवणारा त्याच्या भावकीतला. आता बारा सेकंदांचा तुकडा अशा माणसाच्या फोनवर जातो ज्याला ना सरपंच माहीत, ना नट, ना गाव. तो दुखावला जातो. ही अडचण खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. परंतु तिच्यावरचा उपाय म्हणून विनोदच निर्जंतुक करायचा, हा कुठला न्याय? तुकडे टाकू नका. पूर्ण प्रयोग टाका, मागच्या रांगेतून कॅमेरा लावून, प्रेक्षकांची डोकी दिसतील असा. म्हणजे कोण कुणाला आणि कुणासमोर बोललं ते बघणाऱ्याला कळेल. किंवा टाकूच नका. संकासुराचं चॅनेल नव्हतं.

रंगमंचावर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचा दाखला लागतो, याबद्दल हौशी मंडळी वर्षानुवर्षं कुरकुर करत आली. यूट्यूबवर दाखला लागत नाही. त्या मोकळ्या मैदानात गेल्या पाच वर्षांत त्यांनी काय केलं? बायको माहेरी गेल्याचे विनोद. परिनिरीक्षण मंडळाने कापला असता असा एकही विनोद जर मोकळीक मिळाल्यावर सुचत नसेल, तर ती कुरकुर कशासाठी होती?

‘मग विषय आणायचे कुठून?’ असं मला त्या मांडवातल्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारलं. मुलगा हुशार आहे, म्हणून राग जास्त आला. ज्या मांडवात तो उभा होता त्याच्या मागची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली आहे. रहिवासी भाड्याने चार दिशांना पांगले आहेत, बिल्डरने भाड्याचे चेक थांबवले आहेत, सोसायटीत दोन तट पडून एकमेकांच्या सत्यनारायणालाही जात नाहीत, आणि ज्या समितीने बिल्डर निवडला तिचे अध्यक्ष त्या सोफ्यावर मधोमध बसले होते. दर गणपतीला हे सगळे लोक कांदिवली-विरारहून परत येऊन एकाच मांडवात शेजारी शेजारी खुर्च्या टाकतात. मोलियेरला एवढं तयार भांडवल मिळालं असतं तर त्याने तीन अंक लिहिले असते. या पोराने सासूसुनेचं स्किट केलं, आणि समितीच्या अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली.