‘कुत्र्यांना ट्रेडमिलवर धावायला शिकवलं’: मेथड्समधल्या एका वाक्याची चिकित्सा

प्राण्यांच्या व्यायामावरचे पेपर वाचायला घेतलेत, की एक वाक्य तुम्हाला हमखास भेटेल: ‘प्राण्यांना ट्रेडमिलवर धावण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं.’ बस्स, एवढंच. पुढच्या वाक्यापासून थेट बेल्टचा वेग, ऑक्सिजन मोजणारं यंत्र, ते कॅलिब्रेट कसं केलं, किती मिनिटांनी नमुना घेतला, सगळं तपशीलवार. यंत्राला अर्धं पान आणि कुत्र्याला एक ओळ.

आपणही ती ओळ वाचून पुढे सरकतो. जर्नल क्लबमध्ये ग्राफवर तासभर वाद होतो, पण या ओळीवर कुणी बोट ठेवत नाही. माझं म्हणणं असं, की ही ओळ प्रस्तावनेसारखी वाचायची नाही. अशा प्रयोगात शिकवलेलं कुत्रं हा मापनयंत्रणेचाच भाग असतो. मग यंत्राचं कॅलिब्रेशन जितकं बारकाईनं वाचता, तितक्याच बारकाईनं कुत्र्याचं प्रशिक्षणही वाचायला हवं.

आधी श्रेय देऊ

टीका करण्याआधी ही पद्धत का टिकली ते बघू. मैदानात धावणाऱ्या कुत्र्याचा ऑक्सिजन मोजणं अवघड, कारण तो वेग बदलतो, वळतो, वास घेत थांबतो. ट्रेडमिलवर कुत्रा जागेवर राहतो आणि वेग तुमच्या हातात राहतो. म्हणूनच नाथान झुंट्झ यांच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत १८८९ मध्येच प्राण्यांसाठी ट्रेडमिल आली होती. पुढे १९७० मध्ये टेलर, श्मिट-नील्सन आणि राब यांनी २१ ग्रॅमच्या उंदरापासून १८ किलोच्या कुत्र्यापर्यंतचे सस्तन प्राणी ट्रेडमिलवर धाववले. वेग वाढतो तसा ऑक्सिजनचा वापर जवळजवळ सरळ रेषेत वाढतो, आणि दर किलो वजनामागे धावण्याचा खर्च मोठ्या प्राण्याला कमी पडतो, हे त्यातून दिसलं. आजही पाठ्यपुस्तकात शिकवला जाणारा हा निष्कर्ष ट्रेडमिलशिवाय मिळाला नसता.

तेव्हा ‘ट्रेडमिल वाईट’ असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझा प्रश्न त्या एका ओळीत काय काय दडलंय हा आहे.

कुत्रा शिकतो म्हणजे नेमकं काय होतं?

चांगलं प्रशिक्षण साधारण असं चालतं. पहिले काही दिवस ट्रेडमिल बंदच. कुत्र्यानं वर चढावं, वास घ्यावा, खाऊ खाऊन खाली उतरावं. मग मशीन नुसतं सुरू करायचं, पण कुत्रा जमिनीवरच. आधी आवाजाची सवय. त्यानंतर अगदी हळू वेगात मिनिटभर चालणं. माणूस समोर किंवा शेजारी, हातात खाऊ. गळ्याची दोरी मशीनला कधीच बांधायची नाही, कारण पाय घसरला तर फास बसतो. मशीनचं तोंड भिंतीकडे असेल तर बरेच कुत्रे पुढे जायला कचरतात, म्हणून समोर मोकळी जागा ठेवायची. बेल्टची लांबी कुत्र्याच्या टांगेला पुरेशी हवी. माणसांच्या जिममधल्या आखूड बेल्टवर मोठ्या कुत्र्याला पाय पूर्ण टाकता येत नाही आणि तो पावलं आखडती घेतो.

आता संशोधक म्हणून यातली प्रत्येक पायरी पुन्हा वाचा. खाऊ दिला? मग तो मोजणीच्या किती आधी? खाल्ल्यानंतर शरीराचा ऑक्सिजन-वापर तसाही वाढतो. बेल्ट आखूड होता? मग मोजलेली चाल कुत्र्याची म्हणायची की मशीनची? प्रशिक्षण सहा आठवडे चाललं? मग तेवढ्यात कुत्र्याची तब्येतही कमावली गेली, आणि ‘सामान्य कुत्रा’ म्हणून ज्याचा आकडा छापला तो आता खेळाडू झालाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुत्रे शिकलेच नाहीत त्यांचं काय झालं? सुरुवात दहांनी केली आणि मोजणी सहांवर झाली असेल, तर ते सहा जण यादृच्छिक निवडलेले नाहीत. आवाजाला न घाबरणारे, खाऊसाठी काहीही करणारे, माणसाच्या आज्ञेत राहणारे असे ते सहा. पेपरमध्ये ‘एन बरोबर सहा’ एवढंच दिसतं. उरलेले चार कुठेच दिसत नाहीत.

जमीन आणि ट्रेडमिल एकच का?

इथे मुलाखतीत हमखास विचारला जाणारा मुद्दा येतो. बेल्टचा वेग खरोखर स्थिर असेल, तर यांत्रिकीच्या दृष्टीनं ट्रेडमिलवर धावणं आणि जमिनीवर धावणं सारखंच; फरक फक्त हवेच्या रोधाचा. वान इंगेन श्केनाउ यांनी १९८० मध्ये हे नीट मांडलं. कारण साधं आहे, स्थिर वेगानं सरकणारा बेल्ट हीसुद्धा एक जडत्वीय चौकट आहे.

पण कुत्रा म्हणजे बिंदुवस्तुमान नाही हो! मैदानात धावताना अंगावर वारा येतो, ट्रेडमिलवर येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता घालवायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे तोंड उघडून धापा टाकणं. समोर पंखा नसेल तर खोलीतला कुत्रा मैदानातल्या कुत्र्यापेक्षा लवकर तापू शकतो. त्यातच घट्ट मास्क लावला तर तोंड उघडणंच बंद. म्हणून चांगल्या प्रयोगांत सैल मास्क घालून त्यातून जोरात हवा ओढतात आणि त्या हवेत ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजतात. शिवाय पाय पळतायत पण आजूबाजूचं दृश्य हलत नाही, हा डोळ्यांचा गोंधळ वेगळाच.

सवय किती दिवसांत होते, याचं उत्तरही सरसकट नाही. बुखनर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये घोड्यांवर हे तपासलं, तेव्हा दुडकी चाल थोड्या सत्रांत स्थिरावली, पण साध्या चालण्याला जास्त वेळ लागला. आपला अंदाज बरोबर उलटा असतो, नाही का? म्हणजे ‘सवय झाली’ असं लिहिताना कोणत्या चालीची आणि कोणत्या मापावरून ठरवली, हे सांगायलाच हवं.

‘धावत नाही’ आणि ‘धावू शकत नाही’

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ट्रेडमिलवरचा प्राणी थांबला की पेपर लिहितो, ‘मर्यादा गाठली’. पण थांबण्याला दोन अर्थ असतात. एक, शरीर संपलं. दोन, इच्छा संपली.

या दोन्हींत फरक करण्याची पद्धत आहे, आणि ती तुम्हाला माहीत असायला हवी. वेग वाढवत न्या. एका टप्प्यानंतर वेग वाढूनही ऑक्सिजनचा वापर वाढत नाही, आलेख सपाट होतो, आणि त्याच वेळी रक्तातलं लॅक्टेट झपाट्यानं चढतं. दोन्ही दिसलं तर ती खरी कमाल मर्यादा. आलेख अजून चढताच आहे आणि कुत्रा बेल्टवरून उतरला, तर तुम्ही मोजलीत त्याची मर्जी.

हा फरक न केल्यानं काय होतं, याचं उदाहरण कुत्र्याचं नाही, चित्त्याचं आहे. १९७३ मध्ये टेलर आणि राउनट्री यांनी चित्ते ट्रेडमिलवर धाववले. शरीराचं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं, की चित्ते धावायला नकार देत. त्यावरून मांडणी झाली, की चित्त्याची झेप लवकर संपते ती शरीर तापल्यामुळे. कल्पना देखणी होती आणि माहितीपटांतून घरोघरी पोचली.

मग २०१३ मध्ये हेटेम आणि सहकाऱ्यांनी चार मोकळ्या चित्त्यांच्या शरीरात तापमान नोंदवणारी यंत्रं बसवली आणि त्यांना आपापली शिकार करू दिली. पाठलाग संपला तेव्हा तापमान सरासरी ३८.४ अंश. म्हणजे चित्ते पाठलाग सोडत होते, पण तापल्यामुळे नाही. उलट तापमान वाढलं ते शिकारीनंतर. शिकार साधली तर १.३ अंशांनी, हुकली तर फक्त ०.५ अंशांनी, आणि धावपळ मात्र दोन्हीत सारखीच. लेखकांच्या मते ही वाढ व्यायामाची नसून तणावाची असावी.

१९७३ चं मापन खोटं होतं का? नाही. तापमान तेवढं झालं होतं आणि चित्ता थांबलाही होता. चूक पुढच्या पायरीत होती. शिकारीच्या वेगाच्या आसपासही नसलेल्या बेल्टवरचा नकार घेऊन त्याला माळरानावरच्या शिकारीचं कारण ठरवलं गेलं. नकार हा डेटाच असतो; पण कशाबद्दलचा डेटा, हे तपासावं लागतं.

प्रशिक्षण हीच ताकद असते तेव्हा

दुसरी बाजूही बघा. १९८१ मध्ये हॉइट आणि टेलर यांनी लहान घोड्यांना ट्रेडमिलवर एक वेगळी गोष्ट शिकवली: आपण सांगू ती चाल, सांगू त्या वेगाला धरून ठेवायची. ज्या वेगाला घोडा आपणहून चौखूर धावला असता, त्या वेगालाही दुडकीच. त्यामुळे प्रत्येक चालीचा ‘महाग’ भागही मोजता आला, आणि प्रत्येक चालीला एक स्वस्त वेग असतो हे समोर आलं. मग त्यांनी मोकळ्या घोड्याकडे पाहिलं, तर तो आपणहून त्या स्वस्त वेगांच्या जवळपासच चालत-धावत होता. इथे प्रशिक्षण लपवलेलं नाही, प्रयोगाचा गाभाच ते आहे. आणि ट्रेडमिलवरचं उत्तर जमिनीवर नेऊन ताडून पाहिलंय. चित्त्याच्या बाबतीत ते ताडून पाहायला ४० वर्षं लागली.

हे तुमच्या लॅबमध्ये कुठे भेटेल?

कुत्र्यांवर काम करायची संधी आपल्यापैकी फार थोड्यांना मिळेल. भारतात असे मोठ्या प्राण्यांवरचे प्रस्ताव संस्थेच्या नीतिसमितीपाशी थांबत नाहीत, केंद्रीय समितीकडे जातात. पण फार्मसी किंवा लाइफ सायन्सच्या लॅबमध्ये उंदराची ट्रेडमिल तुम्हाला सहज भेटेल. तिच्या मागच्या टोकाला विजेचा सौम्य झटका देणारी जाळी असते. उंदीर मागे पडला की झटका. आणि तो ठरावीक सेकंद जाळीवरच बसून राहिला की ‘थकला’ अशी नोंद.

आता वरचा प्रश्न इथे लावा. तो थकला, की झटका सोसणं त्याला धावण्यापेक्षा सोपं वाटलं? शिवाय व्यायामाच्या गटाला व्यायाम, आवाज, हाताळणी आणि झटके असं सगळं मिळालं. कंट्रोल गट मात्र पिंजऱ्यात निवांत बसला. शेवटी दोन गटांत जो फरक सापडला तो व्यायामाचा, की भीतीचा? निदान कंट्रोल गटाला तेवढाच वेळ बंद ट्रेडमिलवर ठेवा. झटक्याऐवजी मऊ ब्रशनं हलकंसं ढोसून काम होतंय का, ते बघा. हा प्रश्न दयेचा तर आहेच, पण तुमच्या निष्कर्षाचाही आहे.

२०२० मध्ये वेब्स्टर आणि रुट्झ यांनी ‘स्ट्रेंज’ नावाची चौकट सुचवली. प्राण्याची सामाजिक पार्श्वभूमी, आपणहून पुढे येण्याची वृत्ती, संगोपन, सवय, प्रतिसादातले नैसर्गिक चढउतार, जनुकीय घडण आणि पूर्वानुभव यांमुळे नमुना एका बाजूला झुकलाय का, हे तपासून पेपरमध्ये लिहा, असा तिचा आग्रह आहे. ती वर्तनाच्या अभ्यासासाठी मांडली असली, तरी ट्रेडमिलच्या प्रयोगालाही नेमकी लागू पडते.

‘जर्नलमध्ये एवढी जागा कुठे असते?’ असं तुमचे गाइड म्हणतील. छापील जर्नलच्या काळात त्यात तथ्य होतं. आता पुरवणी फाइल जोडता येते.

म्हणून यापुढे असा पेपर हातात आला, की ग्राफकडे जाण्याआधी त्या एका ओळीला हे प्रश्न विचारा:

१. सुरुवातीला किती प्राणी होते आणि मोजणीपर्यंत किती उरले? गळालेले का गळाले?
२. बक्षीस काय, शिक्षा काय? कंट्रोल गटाला त्यातलं काय मिळालं?
३. प्रशिक्षण किती दिवसांचं, आणि ‘सवय झाली’ हे कशावरून ठरवलं?
४. प्राणी थांबला तेव्हा ऑक्सिजनचा आलेख सपाट झाला होता का? लॅक्टेट मोजलं होतं का?
५. ट्रेडमिलवरचं उत्तर मोकळ्या प्राण्यावर कुणी तपासलंय का?

पाचपैकी तीन उत्तरं पेपरमध्ये नसतील, तर तो पेपर लगेच टाकून देऊ नका. त्याचे आकडे घ्या, निष्कर्ष मात्र पेन्सिलनं लिहून ठेवा. आणि पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर न सापडलेल्या उत्तरांची वही ठेवायला सुरुवात करा. चित्त्यावरचा २०१३ चा पेपर अशाच एका जुन्या, कुणीच न तपासलेल्या ‘थांबला’मधून उभा राहिला.