विटाळ, जंतू आणि प्रयोगवही

नववी-दहावीच्या प्रयोगवह्या मी पुष्कळ वर्षे तपासत आलो आहे. या वह्यांत कधीही कोणताही प्रयोग फसत नाही. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी ठरलेली चौकट असते आणि निरीक्षण कृतीच्या आधीच तयार असते, कारण ते मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून घेतलेले असते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सगळ्या वह्यांत एकाच आकाराच्या, एकाच पेन्सिलीने रेखलेल्या. प्रत्यक्षात ती पेशी कोणी पाहिलेली नसते. सूक्ष्मदर्शक कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली शाळा तपासणीच्या दिवशीच सापडते. ज्या समाजात ज्ञान म्हणजे पाठांतर आणि पाठांतर म्हणजे अधिकार असे हजारो वर्षे मानले गेले, त्या समाजाने विज्ञानाचाही मंत्र करून टाकला, यात नवल नाही. नवल याचे की आपण, ज्यांना मंत्र ऐकण्याचाही अधिकार नव्हता, तेही हा नवा मंत्र निमूटपणे उतरवून घेत आहोत.

यावर उपाय म्हणून 'घरच्या घरी विज्ञान' सांगणारे वाङ्मय आले. त्याचा विचार आपल्या बाजूने कोणी फारसा केलेला नाही. तो केला पाहिजे. या वाङ्मयाचे मूळ मोठे बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोप-आशियातील शाळा बेचिराख झाल्या, तेव्हा युनेस्कोने १९४८ साली उद्ध्वस्त देशांतील विज्ञानशिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. प्रयोगशाळा नसेल तर डबे, बाटल्या, दोरे, मेणबत्त्या यांतून विज्ञान कसे शिकवावे, हे तीत होते. त्यातूनच १९५६ साली युनेस्कोचा विज्ञानशिक्षणाचा मोठा साधनग्रंथ तयार झाला. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे घेऊन हीच वाट पुढे नेली. या कामाबद्दल मला आदर आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. युरोपातल्या प्रयोगशाळा बॉम्बने उद्ध्वस्त झाल्या होत्या. आमच्या वस्त्यांत उद्ध्वस्त व्हायला प्रयोगशाळा होत्याच कुठे?

म्हणून मी ही पुस्तके एका ठरावीक जागेवरून वाचतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातली, नववीत शिकणारी मुलगी मी समोर ठेवतो आणि 'घरच्या घरी' या शब्दांतले घर कोणाचे, हे तपासतो. बहुतेक पुस्तकांतले घर पांढरपेशांचे निघते. तिथे टेबल असते, फ्रीज असतो, काचेच्या रिकाम्या बरण्या असतात आणि दुपारी मुलाला मोकळा वेळ असतो. तिथली आई 'पसारा आवर' म्हणते. 'धाकट्याला घे, मला निंदणीला जायचे आहे' असे म्हणत नाही.

याचा अर्थ कळसाडीच्या घरात जीवशास्त्र नाही असा नव्हे. श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा शालेय जीवशास्त्राचा पायाचा प्रयोग. त्याला चुन्याची निवळी लागते. तंबाखूबरोबर खायचा चुना चिमूटभर घेऊन पाण्यात ढवळावा, रात्रभर निवू द्यावा, वरचे स्वच्छ पाणी अलगद काढून घ्यावे. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. ती झाली नळी. फुंकर घातली की निवळी दुधाळ होते. (फुंकायचे, ओढायचे नाही, चुन्याने तोंड भाजते, डोळ्यात गेला तर डोळा जातो.) आता तोच देठ मोहाची फुले भिजत घातलेल्या मडक्याच्या झाकणात बसवून त्याचे दुसरे टोक निवळीत सोडले, तर ती निवळीही दुधाळ होईल. माणसाचा श्वास आणि मोहाचा फेस यांत एकच वायू आहे, हे मुलगी स्वतः शोधून काढील. पाठ्यपुस्तकात याला किण्वन म्हणतात. तिच्या घरी हीच क्रिया गुन्हा ठरते. याच भागात, शहाद्याच्या परिसरात, १९७२-७३ च्या सुमारास भूमिहीनांच्या चळवळीतून उठलेल्या आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. मडक्यात काय घडते आणि त्याने घरात काय घडते, या दोन्ही गोष्टी त्या बायकांना ठाऊक होत्या. असे जाणते घर ज्याला अडाणी दिसते, त्या पुस्तकाची दृष्टीच अधू म्हटली पाहिजे.

दुसरा अडसर भाषेचा. या जिल्ह्यात भिली, पावरी, अहिराणी बोलली जाते आणि पुस्तक 'परासरण' म्हणते. बटाट्याचा तुकडा मिठाच्या पाण्यात लुळा पडतो आणि साध्या पाण्यात ताठ होतो, हे कोणत्याही भाषेत दिसते. आधी बटाटा दिसू द्या, मग शब्द द्या. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ साली झाली. त्या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात आणि पुढे १९८० पासून मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. मुलांची बुद्धी कमी नसून पुस्तकाची भाषा त्यांच्या वाटेत आडवी येते, हे त्या कामातून पुढे आले. 'यांना विज्ञान झेपत नाही' या शिक्षकी शेऱ्याला याहून सणसणीत उत्तर कोणते? सूक्ष्मजीवांचे जग प्रथम ज्याने पाहिले तो लेव्हेनहूक हा डेल्फ्ट गावचा कापडविक्या होता. त्याने विद्यापीठ पाहिले नव्हते, त्याला लॅटिन येत नव्हते. त्याने जे पाहिले ते आपल्या बोलीत लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले आणि पंडितांना ते वाचावे लागले.

होशंगाबादच्या प्रयोगाचाही उल्लेख केला पाहिजे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात सोळा शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमाने 'बाल वैज्ञानिक' या पुस्तिकांतून उत्तरे काढून टाकली आणि प्रश्न ठेवले. मुलांनी करून पाहायचे, आपसांत वाद घालायचा, परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायचे. तीस वर्षे हे काम चालले आणि २००२ साली सरकारने ते एका निर्णयाने बंद केले. माझ्या मते यातून घ्यायचा धडा असा, की ज्या प्रयोगाची परवानगी वरून मिळते तो वरूनच बंदही होतो. चुना, देठ आणि शिळी भाकरी यांच्यावर मात्र कोणत्याही खात्याचा ताबा नाही.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. घरगुती प्रयोगांची पुस्तके घराला साहित्य पुरवणारे दुकान समजतात. पण घरात नुसती भांडी नसतात. घरात समजुती असतात, आणि त्या समजुती जीवशास्त्राविषयीच असतात. कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटते, कोणत्या दिवसांत बाईने लोणच्याला हात लावू नये, मूल सारखे का दुखणाईत पडते, ही सगळी जीवशास्त्राची विधाने आहेत. ती खोटी आहेत, हे प्रयोगाने दाखवता येते. हे न करता जो प्रयोग मटकीला मोड आणून थांबतो, तो निरुपद्रवी आहे. आणि प्रस्थापितांना निरुपद्रवी विज्ञान फार आवडते.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागोमाग हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नंतर सवर्णांनी ते तळे 'शुद्ध' केले. कशाने? शेण, गोमूत्र, दही, दूध घातलेल्या १०८ घागरींनी, मंत्र म्हणत. आज नववीतल्या मुलीनेही हे जीवशास्त्राच्या अंगाने तपासावे. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हे ठरवताना तपासनीस नेमके काय शोधतो? विष्ठेतून आणि शेणातून पाण्यात येणारे आतड्यातले जंतू. म्हणजे जे घालून तळे शुद्ध केले, तेच पाणी अशुद्ध असल्याचा पुरावा ठरते! १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक साधी चाचणी सांगितली. औषध लावलेल्या कागदाच्या पट्टीची एक बाटली. तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवायचे. दूषित पाण्यातले जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पाणी काळे पडते. त्या बाटलीला विहीर पाटलाची की बौद्धवाड्याची, हे कळत नाही.

असाच दुसरा प्रयोग भाकरीचा. ओलसर भाकरीचे सारखे वीस तुकडे करावेत. पाच तुकड्यांना कोणीच हात लावू नये. ते चिमट्याने उचलावेत. पाचांना घरातल्या सर्वांत 'सोवळ्या' माणसाने हात लावावा, पाचांना दुसऱ्या वस्तीतल्या मित्राने, पाचांना पाळी आलेल्या बहिणीने. सर्वांनी एकाच साबणाने हात धुतलेले असावेत. तुकडे वेगवेगळे झाकून त्यांवर नुसते आकडे घालावेत. कोणता आकडा कोणाचा ही यादी एकाने लपवून ठेवावी आणि बुरशीची रोजची नोंद दुसऱ्याने करावी. बुरशी सर्व गटांवर येईल, हात न लावलेल्या तुकड्यांवरसुद्धा. कारण तिचे बीजाणू हवेतच असतात. (झाकण उघडून वास घेऊ नये, शेवटी तुकडे पुरून टाकावेत.)

पण समजा, बहिणीचा एखादा तुकडा आधी बुरसटला तर? इथे आपल्या चळवळीच्या माणसाचीही परीक्षा आहे. तो तुकडा गुपचूप फेकून दिला, तर आपल्यात आणि वही उतरवणाऱ्यात काय फरक उरला? म्हणूनच तुकडे वीस, म्हणूनच यादी लपवलेली, म्हणूनच पुन्हा एकदा करून पाहणे. सत्य आपल्या बाजूला असेल तर त्याला आपल्या लबाडीची गरज नाही. हे शिकलेली मुलगी कोणाचीही अंधभक्त होणार नाही, आपलीही नाही.

तिसरा प्रश्न रक्ताचा. सिकलसेल हा आजार नंदुरबारच्या आदिवासींत आहे, तसाच विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आहे. २०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकात तो होता. पण व्याख्येपुरता, गुणांपुरता. ज्या मुलीच्या भावाचे सांधे रात्रभर ठणकतात तिला व्याख्येतून काय मिळते? मूग आणि उडीद घ्या. दोन्हींचा आकार सारखा, बोटांना फरक कळत नाही. एक पिशवी आईची, एक बापाची. दोघेही वाहक, म्हणून प्रत्येक पिशवीत मूग आणि उडीद समसमान. न पाहता दोन्हींतून एकेक दाणा काढावा, नोंदवावा, परत टाकावा. असे शंभर वेळा. साधारण पाव वेळा दोन्ही उडीद येतील. ते आजारी मूल. निम्म्या वेळा एक मूग, एक उडीद. ते वाहक, जे सहसा निरोगीच असते. उरलेल्या पाव वेळा दोन्ही मूग. अगदी पंचवीस येणार नाहीत. एकीला एकोणीस येतील, दुसरीला एकतीस. आणि पहिली तीन मुले निरोगी निघाली तरी चौथ्या वेळी पिशवी तीच असते. तिला मागचे काही आठवत नसते.

या खेळात पाप नाही, शाप नाही, कोणाची नजर नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या घटना घडल्या आहेत. त्याविरुद्ध २०१३ साली राज्याचा कायदाही आला. कायदा मारणाऱ्याचा हात धरील, पण 'मूल का आजारी पडले' या प्रश्नाचे उत्तर मूग-उडीदच देतील. आणखी एक उत्तर ते देतील. हिमोग्लोबिनच्या १४६ कड्यांच्या साखळीत सहावी कडी बदलली, एवढाच हा दोष. आणि जो एकच असा दाणा बाळगतो त्याला जीवघेण्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, असे १९५४ साली अॅलिसन यांनी दाखवले. डासांच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिल्याची ती खूण आहे. तिला 'हीन रक्त' म्हणणाऱ्याने आधी जीवशास्त्र वाचावे. मात्र रक्त घरी काढायचे नाही. ती तपासणी आरोग्य केंद्राची. आणि वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडणे म्हणजे नव्या नावाने विटाळच पाळणे होय.

येथे आपल्याच मित्रांचा एक आक्षेप मला ऐकू येतो: 'त्यांच्या मुलांना प्रयोगशाळा आणि आमच्या मुलांना पपईचा देठ?' आक्षेप रास्त आहे. गरिबांसाठी स्वस्त विज्ञान ही नवी वर्णव्यवस्था होऊ शकते. म्हणून स्पष्ट सांगतो: घरचा प्रयोग हा प्रयोगशाळेला पर्याय नाही, ती मागण्याचा आधार आहे. ज्या मुलीने निवळी दुधाळ होताना पाहिली, ती कपाटातल्या सूक्ष्मदर्शकाची किल्ली मागेल. जिने कधी काही पाहिलेच नाही ती वही उतरवत राहील. तसेच 'आमच्या पूर्वजांना ढोराच्या शरीराची रचना तोंडपाठ होती' असा अभिमानही मला मान्य नाही. ते ज्ञान खरे होते. पण ते मेलेले ढोर ओढण्याच्या सक्तीतून आले होते आणि ती सक्ती झुगारायला बाबासाहेबांनीच सांगितले. हाताचे ज्ञान पाहिजे, पण आपण निवडलेल्या कामातून आणि विचारलेल्या प्रश्नातून आलेले. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे धडे मागितले, ते मुलांनी नोकरीपुरते न शिकता जगण्यापुरते शहाणे व्हावे म्हणून.

तेव्हा शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, अभ्यासवर्ग चालवणाऱ्या विद्यार्थ्यांनी यापुढे घरगुती प्रयोगांचे कोणतेही पुस्तक हाती घेतले, तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत. हे घर कोणाचे आहे? आणि या प्रयोगानंतर त्या घरात कोणाला उत्तर द्यावे लागते? ज्या प्रयोगाने कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही, तो वहीत राहिला तरी चालेल. बाकीचे कळसाडीला गेले पाहिजेत.