'कुसुमा'च्या पुढचा 'ग्रज' : डेटाबेस, अक्षरे आणि मौन

आज एका तांत्रिक बदलाची समीक्षा करायची आहे. नाशिकमध्ये समीक्षा म्हटली की कुसुमाग्रजांचं नाव यायचंच. आज मात्र ते वेगळ्याच कारणाने येणार आहे.

शहरातल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची आम्ही जुन्या डेटाबेसमधून नव्यात नेत होतो. लेखकाच्या रकान्यात एके ठिकाणी दिसलं 'कुसुमा', आणि पुढे नुसता एक चौकोन. 'ग्रज' गेला कुठे?

हिशेब करून बघू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, उकार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. क, उकार, स, उकार, म, काना, ग, हलन्त, र, ज. झाली १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. रकाना होता २० अक्षरांचा आणि त्याच्यावर लेबल होतं लॅटिन-१ चं, जिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. डेटाबेसने २० बाइट ठेवले : सहा चिन्हं पूर्ण, 'ग'चे दोन तुकडे. उरलेले १० बाइट टाकून दिले. एक इशारा दिला होता त्याने, पण आमच्या प्रोग्रामने तो कधी विचारलाच नाही. आखूड नावं नीट दिसत होती, कारण लिहिताना आणि वाचताना तेच चुकीचं लेबल वापरलं जात होतं. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, इतकंच.

आता तो बदल. मायएसक्यूएलची ८.० आवृत्ती २०१८ साली आली, तोवर तिथे लॅटिन-१ हेच न सांगता लागणारं लेबल होतं. ८.० पासून यूटीएफ८एमबी४ लागू झालं. निर्णय बरोबर, फार उशिरा घेतलेला. त्याआधी 'यूटीएफ८' नावाचा एक प्रकार होता, आणि तो फक्त ३ बाइटांपर्यंतच जायचा. नाव पूर्ण, माल अर्धा! देवनागरीचं त्यात भागत होतं, म्हणून आपल्याकडे बोंब झाली नाही. पण मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली, आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला ४ बाइट लागतात. त्या नावावर विसंबून कुणी मोडी भरली आणि कडक तपासणी बंद असली, तर मजकूर पहिल्याच मोडी अक्षरापाशी तुटणार.

आमचा खरा आक्षेप मात्र रूपांतराच्या आज्ञेवर आहे. तक्ता यूटीएफ८एमबी४ मध्ये बदल, असं सांगितलं की ती लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवते. 'म'चे तीन बाइट तिला तीन परकी अक्षरं वाटतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं चिन्ह, मग वर्तुळातला आर. या तिघांना ती इमानदारीने नव्या संकेतात नेते. काम यशस्वी, मराठी मातीत. उपाय मॅन्युअलमध्येच आहे : रकाना आधी बायनरी करायचा, म्हणजे 'ही अक्षरं नाहीत, नुसते बाइट आहेत' असं सांगायचं, आणि मग खरं लेबल लावायचं. ठीक आहे. पण हे ज्याला माहीत नाही त्याला ती आज्ञा एका शब्दानेही अडवत नाही.

पोस्टग्रेस इथे हेकट आहे. एखाद्या अक्षराला दुसऱ्या संकेतात जोड नसेल तर तो त्रुटी देतो आणि थांबतो. लोक वैतागतात, आम्हीही वैतागलो आहोत. तरी तो हेकटपणा आम्हाला पसंत आहे. (एसक्यूएल-आस्की नावाची पळवाट तिथेही आहेच, जिथे बाइट न तपासता आत जातात. तिचा आधार घेऊ नका.)

आमच्या बायनरीच्या मार्गात 'कुसुमा'ची ओळ आली आणि रूपांतर अडलं, कारण 'ग'चे अर्धे बाइट वैध नव्हते. आमच्यातल्याच एकाने सुचवलं, कडक तपासणी बंद करा, रात्रीत संपेल. संपलंही असतं. पण त्याच तक्त्यात 'नारायण' नावाच्या बऱ्याच ओळी होत्या. नारायण म्हणजे १८ बाइट, एक मोकळी जागा, आणि विसावा बाइट आडनावाचा पहिला. देवनागरीच्या कुठल्याही अक्षराचा पहिला बाइट तोच असतो. म्हणजे नारायण सुर्वे आणि नारायण धारप या रकान्यात तंतोतंत एकच! तपासणी बंद केली असती तर तो शेवटचा बाइटही गेला असता, आणि इथे काही तुटलंय याची खूणही.

म्हणून अडलेल्या ओळींची यादी काढली आणि वाचनालयाची दाखल नोंदवही मागवली. कागदाची, शाईत लिहिलेली. कामाला बरेच दिवस लागले. ग्रंथपालबाई एकेक दाखल क्रमांक वाचत होत्या, आम्ही आडनावं टंकत होतो.