नाणकशोधक यंत्रें : एक परीक्षण

मध्यम किंमतीच्या धातुशोधक यंत्रांपैकीं तीन आम्ही येथें विचारांत घेतों : गॅरेट एस ४००, नोक्टा सिंप्लेक्स प्लस व मिनलॅब व्हँक्विश ५४०. पहिलें १० व दुसरें १२ किलोहर्ट्झच्या एकाच कंपनसंख्येवर चालतें. तिसरें एकाच वेळीं अनेक कंपनसंख्या वापरतें. हा भेद क्षुल्लक नव्हे. दख्खनच्या काळ्या दगडाची माती लोहयुक्त असल्यामुळें तिचाच प्रतिध्वनि उठतो आणि शिवराईचा आवाज त्यांत बुडतो. गॅरेटमध्यें मातीशीं यंत्राचा मेळ स्वतः घालण्याची सोय नाहीं. सिंप्लेक्समध्यें ती आहे, शिवाय तें ३ मीटर पाण्यांतहि चालतें. तथापि खिळ्यांनीं भरलेल्या जुन्या गांवठाणासाठीं आमचा कौल व्हँक्विशलाच. पडद्यावरील अंकावर मात्र भिस्त ठेवूं नये. पातळ रुप्याचें नाणें जाड तांब्याच्या नाण्याहून कमी अंक दाखवूं शकतें.

नाणें कोणत्या थरांत, कशाशेजारीं होतें, हें यंत्र सांगत नाहीं. इंग्लंडांत हॉक्सन येथें १९९२ सालीं शोधकानें खणणें थांबवून वर्दी दिली, म्हणूनच उरलेल्या ठेव्याची मांडणी पुराणवस्तुशास्त्रज्ञांस जागेवरच पाहतां आली. आमच्याकडे १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडल्यास कलेक्टरास कळवावा लागतो. संग्राहकांनीं यंत्राच्या किंमतीआधीं तें कलम वाचावें.